रीफ टँकमधला एंजलफिश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीफ टँक, म्हणजे कोरल असलेला खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी एंजलचा मोह पडतोच. रंग, डौल, टँकभर मिरवत फिरण्याची ऐट, सगळंच नजर खिळवणारं. मात्र कोरल (प्रवाळ) ठेवणाऱ्याच्या पोटात त्याच वेळी गोळाही येतो: हा माझी कोरल खाईल का? खालची उत्तरं एक भूमिका धरून लिहिली आहेत. कोणता एंजल सुरक्षित, हे विचारण्याआधी आपल्या टँकमधली कोणती कोरल गेली तरी चालतील हे ठरवा. ते एकदा ठरलं की मासा निवडणं फारसं अवघड राहत नाही.

गोड्या पाण्यातला एंजल तो हाच का?

नाही. गोड्या पाण्यातला लांब परांचा, त्रिकोणी एंजल हा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला, सिक्लिड कुळातला मासा. समुद्री एंजल पोमाकँथिडी या वेगळ्याच कुळातले, साधारण ९० जातींचे. त्यांचे जवळचे भाऊबंद म्हणजे बटरफ्लायफिश, आणि नवख्याला हे दोघे सारखेच वाटतात. खूण गालावर आहे. एंजलच्या कल्ल्याच्या झाकणाला, खालच्या कोपऱ्यात, मागे वळलेला एक टोकदार काटा असतो. बटरफ्लायला तो नसतो. हा काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा जखमी होतो. म्हणून एंजल जाळीने उचलू नये, पाण्यातच प्लॅस्टिकच्या डब्यात घेऊन मग डबा बाहेर काढावा.

शंभर टक्के रीफ-सेफ एंजल आहे का?

रीफ-सेफ म्हणजे कोरलला धक्का न लावणारा. त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा एक गट आहे: जेनिकँथस, म्हणजे स्वॉलोटेल एंजल. यांची शेपटी दोन टोकांना लांबलेली, तोंड लहान, आणि जगणं प्रवाहात वाहत येणाऱ्या प्लवकांवर (सूक्ष्म जीवांवर). खडकावरून काही ओरबाडून खाणं हा त्यांचा धंदाच नाही. लमार्क, बेलस, वातानाबे आणि मेलानोस्पिलॉस ही नावं दुकानात ऐकायला मिळतात. कोरलकडे वळणारा एखादा निघतोही, पण विरळा.

बाकी सगळ्यांच्या बाबतीत "रीफ-सेफ" हे लेबल फार मनावर घेऊ नये. एकाच जातीचे, एकाच खेपेत आलेले दोन मासे घ्या. एक वर्षानुवर्षं कोरलच्या वाटेला जाणार नाही, दुसरा आठवड्यात झोअँथिडची (बटणांसारख्या मऊ कोरलची) वसाहत साफ करील. दुकानदार खोटं बोलत असतो असं नाही. त्याच्या टँकमध्ये कोरल नसतातच, मग त्याला तरी कसं कळणार?

मग ड्वार्फ एंजलचं काय? फ्लेम एंजल तर सगळ्यांकडे दिसतो.

सेंट्रोपायजी गटातले हे मासे ८ ते १५ सेंटिमीटरचे. रीफ टँकमध्ये एंजल म्हणून सर्वाधिक हेच ठेवले जातात, आणि सर्वाधिक तक्रारीही यांच्याच. निसर्गात ते खडकांच्या फटींमधून फिरत शेवाळाची बारीक लव, गाळ आणि त्यात मिळेल ते टिपतात. कोरलवर साचलेला चिकट स्राव हाही त्यांच्या लेखी खाऊच. त्यामुळे बऱ्याचदा सुरुवात स्राव चाटण्यापासून होते आणि मांस चविष्ट लागतं हे मागाहून कळतं.

फ्लेम आणि कोरल ब्यूटी हे दोघे त्यातल्या त्यात बरे. काटक, खायला पटकन लागणारे, आणि निम्म्याहून अधिक लोकांचं त्यांच्याशी जमतं असा सर्वसाधारण अनुभव. लेमनपील आणि बायकलर मांसल कोरल असलेल्या टँकमध्ये टाळावेत. बायकलर तर सुरुवातीच्या आठवड्यांतच दगावण्यासाठी बदनाम आहे. हवाईचा पॉटर्स एंजल दिसायला अप्रतिम, पण तो मुरलेल्या, खडकांवर भरपूर काही उगवलेल्या टँकमध्येच टिकतो. नव्या चकचकीत टँकमध्ये तो उपाशी मरतो. चेरब आठेक सेंटिमीटरचा, पण त्याच्या अंगातली मस्ती त्याच्या लांबीवरून मोजू नका.

जाता जाता लेमनपीलची एक गंमत. चॉकलेट टँग नावाच्या सर्जनफिशची पिल्लं या माशाची हुबेहूब नक्कल करतात, तोच पिवळा रंग आणि तशीच अंगकाठी. गालावरचा काटा तपासायची सवय असेल तर दुकानात फसगत होत नाही.

कोणती कोरल टिकतात आणि कोणती जातात?

सगळ्यात आधी नंबर लागतो तो फुगीर, मांसल कोरलचा: अकँथास्ट्रिया, मायक्रोमुसा, लोबोफिलिया, स्कोलिमिया, ट्रॅकिफिलिया. मोठे, ओलसर, रंगीत आणि पळून न जाणारे. त्यांच्याबरोबर झोअँथिड, झेनिया, क्लोव्ह पॉलिप हेही. ट्रायडॅक्ना क्लॅमची (मोठ्या शिंपल्याची) झालर तर एंजलला दिसली की राहवत नाही. क्लॅमचं दुखणं असं की तो चावा लागून मरत नाही. सारखा टोचला गेल्यामुळे तो उघडणंच बंद करतो, उजेड मिळत नाही आणि हळूहळू खंगत जातो. दिवसभर उघडा दिसणारा क्लॅम अर्ध्यावर आक्रसून बसू लागला तर पाणी तपासण्याआधी माशाकडे बघा. फेदर डस्टर किडे ठेवायचे असतील तर एंजलचा विचारच सोडा.

दुसऱ्या टोकाला लेदर कोरल. सार्कोफायटन, सिन्युलारिया यांच्या मांसात कडवट रसायनं असतात, एक-दोन चाव्यांत मासा नाद सोडतो. डिस्कोसोमा मशरूमही बहुधा सुटतात. तणासारखं पसरणाऱ्या केनिया ट्री या मऊ कोरलला कुणी हात लावत नाही, आणि खरं सांगायचं तर ते कुणीतरी खाल्लं असतं तर बरं असंच अनेकांना वाटतं.

मधला पट्टा सगळ्यात वादाचा. अक्रोपोरा आणि माँटिपोरा या टणक कोरलना एंजल खाऊन संपवत नाही. वसाहत मोठी असेल तर इकडेतिकडे मारलेले टोचे ती सहज पचवते. पण अंगठ्याएवढ्या तुकड्यावर तोच मासा दिवसातून वीसदा फिरला तर पॉलिप, म्हणजे कोरलचे बारीक जीव, बाहेर येत नाहीत, वाढ थांबते आणि माणूस पाण्यात दोष असेल म्हणून कॅल्शियम मोजत बसतो. युफिलिया गटातल्या कोरलचं काय होईल हे सांगणं कठीण. त्यातले टॉर्च आणि हॅमर बऱ्याच टँकमध्ये सुखरूप राहतात, पण फ्रॉगस्पॉनची टोकं खुडलेली दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

यावरून मी एक नियम धरला आहे. एंजल हवाच असेल तर टँक अक्रोपोरा-माँटिपोरा किंवा लेदरचा करावा, कोरल वाढून मोठी होऊ द्यावीत आणि मग मासा आणावा. महागडी स्कोलिमिया आणि एंजल दोन्ही एका काचेआड ठेवण्याचा हट्ट धरणाऱ्यांनी सल्ला विचारू नये, कारण जे व्हायचं ते सल्ल्याने टळत नाही.

मासा खरंच कोरल खातोय की माझा संशय, हे कसं ओळखायचं?

टँकसमोर बसून कळत नाही. तुम्ही समोर आलात की एंजल तुमच्याकडे येतो, कारण तुमचा अर्थ त्याच्या लेखी खाणं. मोबाइल स्टँडवर लावा, दिवे लागल्यापासून पहिल्या खाण्यापर्यंतचं चित्रीकरण करा आणि खोलीबाहेर जा. उपाशी मासा त्या वेळात आपले गुण दाखवतो.

चित्रीकरणात काय शोधायचं? नुसतं फिरता फिरता खडकाला तोंड लावणारा मासा शेवाळ टिपत असतो. त्याची हालचाल एकसारखी, न थांबता. कोरलवर नजर असलेला मासा वेगळा ओळखू येतो. तो वसाहतीसमोर येऊन थबकतो, अंग किंचित तिरकं करून एका डोळ्याने न्याहाळतो, झटकन पुढे होऊन एक टोचा मारतो आणि मागे सरतो. पॉलिप मिटला की दुसऱ्याकडे वळतो, आणि थोड्या वेळाने पहिल्याकडे परत येतो. परत येणं हीच खरी खूण.

कोरलवरच्या खुणाही बोलक्या असतात. पाण्यात काही बिघडलं असेल तर वसाहत सगळीकडून सारखीच मिटते आणि इतर कोरलही कुरकुर करतात. मासा टोचत असेल तर एकच बाजू, बहुधा पोहण्याच्या वाटेकडची, मिटलेली असते. मांसल कोरलमध्ये मांस सांगाड्याच्या धारदार दातांवरून फाटतं आणि त्या जागी पांढऱ्या रेघा दिसतात. हे दिसल्यावर वाट पाहू नये. ती कोरल दुसऱ्या टँकमध्ये हलवावी, महिनाभरात बहुधा भरून येते.

पोट भरलेलं ठेवलं तर मासा कोरलकडे जाणार नाही ना?

कमी जाईल. अजिबात जाणार नाही असं नव्हे. एंजल दिवसभर चरणारे मासे आहेत. दिवसातून एकदा मूठभर खाणं टाकून त्यांचं भागत नाही, तीन-चार वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. सकाळी कामावर जाण्याआधी क्लिपला लावलेला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा हा सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी उपाय. मासा दुपारपर्यंत त्यात गुंतून राहतो. पण कोरलची चव एकदा लागलेला मासा भरल्या पोटीही तिकडे जातोच, तिथे खाऊ घालून सुधारणा होत नाही.

खायला नेमकं काय द्यावं?

मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), बारीक चिरलेला क्लॅम किंवा कोळंबी, स्पायरुलिना शेवाळयुक्त गोठवलेलं खाणं, नोरी आणि चांगल्या प्रतीचे पेलेट. मोठ्या एंजलसाठी स्पंज असलेलं गोठवलेलं एंजल-खाद्य मिळतं, ते आठवड्यातून काही वेळा तरी द्याच. निसर्गात यांच्यापैकी अनेकांचं पोट स्पंजवरच भरतं. कॅरिबियनमधल्या रॉक ब्यूटीच्या पोटात तपासणीवेळी ९५ टक्क्यांहून अधिक स्पंजच सापडला होता. म्हणूनच रॉक ब्यूटी टँकमध्ये खाता खाता वाळत जाते. खाणं दिसत असतं, पण जे हवं ते मिळत नसतं. ती घेऊच नका.

जेनिकँथसला नोरीत रस कमी. त्यांना पाण्यात तरंगणारं बारीक खाणं, कोपेपॉड (अगदी लहान कवचधारी जीव), माशांची अंडी, बारीक मायसिस असं वारंवार लागतं. आळशी माणसाचा हा मासा नव्हे. स्वयंचलित फीडर असेल तर गोष्ट वेगळी.

इतकं खाऊ घातल्यावर नायट्रेट वाढणार नाही का?

वाढेल. त्यासाठी मोठा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), सम्पमध्ये (टँकखालच्या जोडटाकीत) शेवाळ वाढवण्याची जागा आणि पाणी बदलण्याची शिस्त लागते. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग) आसपास राहिलं तर कोरलही खूश राहतात. शून्यावर आणण्याच्या मागे लागू नका. पोषकद्रव्यं पार संपवलेल्या टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट (तपकिरी, चिकट थर करणारे सूक्ष्मजीव) माजतात, आणि ते निस्तरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

बाकी पाण्याचे आकडे?

तापमान २४ ते २६ अंश सेल्सियस, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, पीएच ८.१ ते ८.४, क्षारता ८ ते ९ डीकेएच (क्षारतेचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. कोरलला जे मानवतं ते एंजललाही मानवतं. आकड्यांपेक्षा त्यांचं स्थिर राहणं अधिक महत्त्वाचं. टँक निदान आठ-दहा महिने मुरल्याशिवाय एंजल आणू नये.

टँक केवढा लागेल?

ड्वार्फसाठी २५० लिटर, जेनिकँथससाठी ४५० ते ५००, रीगलसाठी ५००-६०० आणि एम्परर, क्वीन, ब्लू-फेस अशा मोठ्यांसाठी १००० लिटर व त्याहून जास्त. लिटरपेक्षा लांबी बघावी. एम्परर ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. चार फुटी टँकमध्ये त्याला दोनदा शेपटी हलवली की वळावं लागतं. "लहान आहे तोवर ठेवू, मग बघू" असं म्हणणारे पुढे बघत नाहीत, मासा कुणाच्या तरी गळ्यात मारतात.

खडकांची रचना भिंतीसारखी न करता आरपार वाटा आणि दोन-तीन बोळ राहतील अशी करा. एंजल दिवसातून कितीतरी वेळा ठरलेल्या वाटेने गस्त घालतो. ती वाट जिथून जात नाही तिथे नाजूक कोरल ठेवली तर त्यांना निम्मं संरक्षण आपोआप मिळतं.

एकाच टँकमध्ये दोन एंजल राहतील का?

वेगवेगळ्या गटातले, आकारात आणि रंगात पुष्कळ फरक असलेले राहू शकतात. उदाहरणार्थ, एक फ्लेम आणि एक जेनिकँथस. दोन ड्वार्फ ठेवायचे असतील तर टँक मोठा हवा आणि दोघांना एकाच वेळी सोडायला हवं. तरीही जुगारच.

एकाच जातीची जोडी हवी असेल तर एक सोय निसर्गानेच केलेली आहे. एंजल जन्मतः माद्या असतात आणि गटातली सर्वांत दांडगी मादी नर होते. त्यामुळे एक मोठा आणि एक स्पष्टपणे लहान मासा घेतला तर मोठा नर होऊन जोडी जमण्याची शक्यता असते. दोन सारख्या आकाराचे घेतले तर हुकमत ठरेपर्यंत मारामारी होते आणि ती कधी कधी जिवावर बेतते. दुकानात आधीपासून नर झालेले दोन मासे एकत्र आणले तर मिटण्याचा प्रश्नच नाही.

जेनिकँथसमध्ये नर-मादी ओळखायला चष्मा लागत नाही. मेलानोस्पिलॉसची मादी वरून पिवळसर, खालून फिकट निळी आणि शेपटीला काळ्या कडा असलेली. नर फिकट निळा, अंगावर उभे काळे पट्टे. पाहणाऱ्याला दोन वेगळ्या जातीच वाटतात. एक नर आणि दोन-तीन माद्या असा घोळका मोठ्या टँकमध्ये सुखाने राहतो. नुसत्या माद्या आणल्या तर काही महिन्यांत एकीच्या अंगावर पट्टे उमटायला लागतात. हे बदलणं रोज थोडं थोडं बघायला मिळणं हा या छंदातला मोठा आनंद आहे.

टँकमध्ये कोणत्या क्रमाने सोडावा?

सगळ्यात शेवटी. आधी गोबी, ब्लेनी, वरास, क्लाउन असे गरीब मासे स्थिरावू द्या. एंजल आधी गेला की टँक त्याचा, मग येणारा प्रत्येक जण घुसखोर. नवा एंजल थेट न सोडता भोकं असलेल्या पारदर्शक पेटीत घालून टँकमध्ये दोन-चार दिवस टांगून ठेवावा. जुने मासे पेटीवर धडका मारून थकतात आणि नव्याला तिथेच खायची सवय लागते. काचेला बाहेरून आरसा लावला तर टँकमधला गुंड स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत बसतो, तेवढ्यात नव्याला उसंत मिळते. झाकण विसरू नका. घाबरलेला एंजल उडी मारतो, विशेषतः जेनिकँथस.

क्वारंटाइन खरंच आवश्यक आहे का? मासा दुकानात ठणठणीत होता.

नवा मासा काही आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवणं, म्हणजे क्वारंटाइन, रीफ टँकसाठी तर दुप्पट आवश्यक. कारण साधं: कोरल असलेल्या टँकमध्ये तांब्याचं औषध टाकता येत नाही. कोरल, कोळंब्या, गोगलगायी सगळे मरतात, आणि खडकात मुरलेलं तांबं पुढेही छळतं. म्हणजे रोग मुख्य टँकमध्ये शिरल्यावर हातात फार थोडं उरतं. सगळे मासे बाहेर काढून टँक माशांविना ठेवावा लागतो. क्रिप्टोकॅरिऑनसाठी, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या समुद्री रोगासाठी, छंदात ७६ दिवसांचा आकडा रूढ आहे. अडीच महिने रिकामा टँक बघण्यापेक्षा आधी महिना-दीड महिना वेगळा ठेवणं परवडतं.

पांढऱ्या ठिपक्यांहून भयंकर मखमली रोग, म्हणजे ॲमिलूडिनियम. हा कधी कधी दोन-तीन दिवसांत टँक साफ करतो. मासा पंपच्या धारेत तोंड घालून उभा राहतो, श्वास भराभर चालतो, उजेड टाळतो. अंगावर पिठूळ थर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. औषध तांबंच, पण एंजल आणि त्यातही ड्वार्फ तांब्याला नाजूक. पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा देऊ नये, चार-पाच दिवसांत चढवत न्यावी. आयनिक (सुटं) आणि चिलेटेड (दुसऱ्या रसायनाला बांधलेलं) अशा दोन प्रकारच्या तांब्याच्या मात्रा वेगवेगळ्या असतात, एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर मासा मरतो किंवा परजीवी जगतो. आपल्या औषधाला लागू पडणारं टेस्ट किट नसेल तर तांबं वापरायच्या भानगडीत पडू नका.

तांबं टाळायचं असेल आणि रोग फक्त पांढऱ्या ठिपक्यांचा असेल तर टँक बदलण्याची पद्धत आहे. मासा दर ७२ तासांनी पूर्णपणे कोरड्या-स्वच्छ केलेल्या, नव्या पाण्याच्या टँकमध्ये हलवायचा, असं बारा दिवसांत चार वेळा. परजीवी माशावरून गळून तळाशी बसतो आणि त्याची पुढची पिढी बाहेर पडण्याआधी मासा तिथून गेलेला असतो. मखमली रोगावर मात्र ही युक्ती चालत नाही.

तिसरा पाहुणा फ्लूक, म्हणजे चपटे किडे. एंजलवर ते इतके सर्रास असतात की आहेतच असं धरून चालावं. मासा डोकं झटकतो, खडकाला अंग घासतो, डोळा धूसर होतो. प्राझिक्वांटेल हे औषध त्यावर चालतं. साधारण आठवड्याने दुसरी मात्रा द्यावी, कारण अंडी पहिल्या मात्रेत मरत नाहीत. खात्री करायची असेल तर तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात मासा तीन ते पाच मिनिटं ठेवा. पारदर्शक किडे पांढरे पडून तिळासारखे भांड्याच्या तळाशी दिसू लागतात. काळ्या रंगाचं भांडं घेतलं तर लगेच नजरेस पडतात.

परांवर फुलकोबीसारखी पांढरी गाठ आली आहे. औषध काय?

काही नाही. बहुधा लिम्फोसिस्टिस, विषाणूजन्य. प्रवासाच्या ताणानंतर दिसतो, पाणी आणि खाणं नीट असेल तर काही आठवड्यांत आपोआप जातो. औषधं ओतल्याने त्रासच वाढतो.

डोक्यावर खड्डे पडत आहेत, रंग उडतोय. हे कशामुळे?

डोकं आणि पार्श्वरेषेची (अंगाच्या बाजूने जाणाऱ्या संवेदी रेघेची) झीज. मोठ्या एंजलमध्ये आणि टँगमध्ये (सर्जनफिशमध्ये) नेहमी दिसते. आहारात हिरवं आणि जीवनसत्त्व अ कमी पडणं, सततचा ताण, आणि सक्रिय कार्बनची धूळ ही संशयित कारणं. सर्जनफिशवरच्या प्रयोगात कार्बनचा संबंध चांगलाच दिसून आला होता. कार्बन वापरायचा असेल तर तो पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवून, पिशवीत घालून वापरा. नोरी वाढवा. खड्डे थांबतात, पण खोल गेलेले व्रण कायमचे राहतात.

निळ्या-पांढऱ्या वर्तुळांचं पिल्लू आणलं होतं, ते पिवळ्या पट्ट्यांचं कसं झालं?

ते एम्पररचं पिल्लू. गडद निळ्यावर पांढरी वलयं, एकात एक. साधारण ८ ते १२ सेंटिमीटरच्या दरम्यान वलयं तुटायला लागतात, मधेच पिवळसर आडव्या रेघा उमटतात, डोळ्यावर काळा पट्टा येतो. या मधल्या काळात मासा विचित्रच दिसतो, जणू दोन चित्रं एकमेकांवर छापली गेली आहेत. हा वेष बदलण्याचं कारण असं मानतात की प्रौढ एम्परर आपल्या हद्दीत दुसऱ्या प्रौढाला उभं करत नाहीत, आणि पिल्लाचा वेगळा रंग त्याला त्या मारापासून वाचवतो. टँकमध्ये वाढलेल्यांचे रंग अनेकदा जंगली माशाइतके खुलत नाहीत. आहार आणि जागा दोन्ही कमी पडल्याची ती पावती असते.

रीगल एंजल ठेवावा का?

पूर्वी उत्तर सरळ "नको" होतं. आता "अनुभव असेल तर" असं आहे. छाती पिवळी असलेले हिंदी महासागर आणि तांबड्या समुद्रातले रीगल करड्या छातीच्या पॅसिफिकमधल्यांपेक्षा लवकर खायला लागतात, हे अनेकांनी पडताळलेलं आहे. दुकानात तो तुमच्यासमोर गोठवलेलं खाणं खाताना दिसला तरच घ्या. हा लाजाळू मासा पहिले काही दिवस खडकाच्या छताखाली उलटा पोहत असतो, त्याला घाबरू नका. अक्रोपोराच्या टँकमध्ये तो चांगला रमतो. मांसल कोरल आणि झोअँथिड यांची मात्र आशा सोडलेली बरी.

स्वॉलोटेल एंजल डोकं खाली करून, धडपडत पोहतोय. काय झालं?

हे मासे खोल पाण्यातले. बेलस तर बऱ्याचदा ५० मीटरहून खालून पकडलेला असतो. घाईने वर आणला तर हवेची पिशवी फुगते किंवा इजा होते. दुकानातच असं दिसलं तर घेऊ नका. सरळ, आडवा, विनासायास स्थिर राहणारा मासाच निवडा. घरी आणल्यावर दिसलं तर शांत, कमी उजेडाचा टँक आणि वेळ, एवढंच हातात असतं. सुई टोचून हवा काढण्याचे प्रयोग घरी करू नयेत.

टँकमध्ये पैदास झालेले एंजल मिळतात का? त्यांचा फायदा काय?

मिळतात, पण निवडक जातींचे आणि महाग. एंजलची जोडी दिवस मावळताना वर झेपावते आणि अंडी मोकळ्या पाण्यात सोडते. ती तरंगत जातात, साधारण दिवसभरात फुटतात, आणि निघालेल्या पिल्लाचं तोंड इतकं बारीक असतं की पिल्लांना नेहमी दिलं जाणारं रोटिफर हे सूक्ष्म खाद्यसुद्धा त्यात मावत नाही. कोपेपॉडची पिल्लं खायला द्यायचं तंत्र साधल्यावर, २००० नंतरच्या दशकात हवाईमध्ये ड्वार्फ एंजलच्या पैदाशीला खरं यश आलं. आता मोठ्या जातींचीही पिल्लं येतात. ती पेलेट खातच येतात, रोग कमी आणतात, माणसाला भीत नाहीत. कोरल खाणार नाहीत याची हमी मात्र त्यांच्याबाबतही नाही.

दुसरं कारण पकडण्याच्या पद्धतीचं. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात बंदी असूनही सायनाइडने मासे सुन्न करून पकडण्याचे प्रकार होत आले आहेत. असा मासा दुकानात खातो-पितो आणि काही आठवड्यांनी कारण न कळता मरतो, त्या भागातलं कोरलही मरतं. जाळीने पकडलेला किंवा पैदास केलेला मासा मागणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

कायद्याची काही बंधनं?

देशागणिक वेगळी. टणक कोरल साइटिस करारात (संकटग्रस्त जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे परवान्यानेच व्यापार होणाऱ्या यादीत, आहेत. एंजलपैकी मेक्सिकोच्या बेटांकडचा क्लॅरियन एंजल २०१६ च्या निर्णयाने त्याच परिशिष्टात गेला. खरेदीची कागदपत्रं जपून ठेवा.

नवी कोरल आणली की एंजल तिच्यावरच तुटून पडतो. उपाय?

प्रवासात कोरल भरपूर स्राव सोडते, तोच त्याला खुणावतो. पहिला आठवडाभर कोरलवर जाळीदार प्लॅस्टिकची छोटी टोपली उपडी ठेवून दगडाने दाबा. उजेड आणि प्रवाह आत जातो, मासा नाही. नवल ओसरलं की बहुतेक मासे लक्ष देत नाहीत. दोन-तीन कोरल एकाच वेळी आणल्या तर टोचे वाटले जातात.

जमत नाहीये. मासा बाहेर काढायचा आहे, पण हाताला लागत नाही.

जाळी घेऊन मागे धावू नका. खडक हलतील, कोरल मोडतील आणि मासा शहाणा होईल. पारदर्शक ॲक्रिलिकचा दार असलेला सापळा घ्या. दोरी दाराला बांधून दार उघडं ठेवा आणि तो टँकमध्ये मासा रोज ज्या वाटेने जातो तिथे ठेवा. पहिले तीन-चार दिवस दार पाडायचंच नाही, फक्त खाणं सापळ्यातच द्यायचं, नोरीची क्लिपही आत. त्याआधी एखादा दिवस उपास घडवला तर काम लवकर होतं. सुरुवातीला टँग आणि क्लाउन आत-बाहेर करतील, त्यांना करू द्या. एंजल निर्धास्तपणे पूर्ण आत शिरून पाठ फिरवून खायला लागला की एका झटक्यात दोरी सोडा. पहिला प्रयत्न फसला तर तो मासा आठवडाभर त्या सापळ्याकडे फिरकत नाही, म्हणून घाई नको. सापळा पाण्याबाहेर काढताना आत थोडं पाणी राहू द्या आणि मासा थेट, हात किंवा जाळी न लावता, आधीच तयार ठेवलेल्या दुसऱ्या टँकमध्ये सोडा.